बुजलेल्या विहिरी

शास्त्रपाठ : उत्पत्ती 26:1-33



अब्राहामाच्या विश्वासावर आणि याकोबाच्या धडपडीवर आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ संदेश दिले जातात. त्या दोघांच्या मध्ये बिचारा इसहाक झाकला जातो. मोरिया डोंगरावर नेलेला मुलगा आणि म्हातारपणी दृष्टी मंद झाल्यावर फसवला गेलेला बाप, एवढीच त्याची ओळख शब्बाथशाळेतल्या मुलांना असते. परंतु उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय सर्वस्वी इसहाकाचा आहे, आणि तो शेतकऱ्याचा अध्याय आहे. दुष्काळ, पेरणी, भरघोस पीक, शेजाऱ्यांचा हेवा, मातीने बुजवलेल्या विहिरी, पाण्यावरून तंटा आणि अखेरीस समेट, हे सारे त्यात आहे. भूक आणि दारिद्र्य यांविषयी ख्रिस्ती माणसाने कसा विचार करावा, हे शिकायला याहून चांगला पाठ आम्हाला ठाऊक नाही.

दरवर्षी 16 ऑक्टोबरला जागतिक अन्न दिन पाळला जातो. 1945 साली त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना स्थापन झाली. पुढे 1974 साली रोम येथे जागतिक अन्न परिषद भरली, आणि दहा वर्षांच्या आत कोणतेही मूल उपाशी झोपणार नाही असा संकल्प तेथे सोडण्यात आला. संकल्प चांगला होता. दहा वर्षे गेली, पन्नास गेली. 2015 साली राष्ट्रांनी पुन्हा ठरवले की 2030 पर्यंत भूक संपवायची. आणि 2024 साली या पृथ्वीवर सुमारे 67 कोटी 30 लाख माणसे भुकेली होती, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचाच अंदाज आहे. दर बारा माणसांमागे एक! आपल्या उपासनेला साठ माणसे बसली असतील, तर त्यांतली पाच.

हे आकडे ऐकून मन सुन्न होते आणि मग आपण पुढचे गीत म्हणायला उठतो. म्हणून आकड्यांपाशी न थांबता आपण एका दुष्काळी मुलुखात, एका घराण्याच्या तंबूपाशी जाऊ या.

1. दुष्काळात पेरणी

देशात दुष्काळ पडला होता. मिसर देशात नाईल नदी होती आणि धान्य होते. बाप अब्राहामही अशाच एका दुष्काळात मिसरात गेला होता. इसहाकाला तीच वाट सोपी होती. पण परमेश्वराने त्याला सांगितले की खाली मिसरात जाऊ नकोस, मी दाखवीन त्या देशात राहा. इसहाक राहिला. नुसता हात जोडून राहिला नाही. त्याने जमीन पेरली. आणि त्याच वर्षी त्याला शंभरपट पीक मिळाले, असे शास्त्र सांगते.

शंभरपट देणे देवाचे होते, पेरणे इसहाकाचे होते. कणगीतले धान्य दुष्काळात मातीत टाकायचे म्हणजे घरातल्या लेकरांच्या तोंडचा घास काढून उद्यावर विश्वास टाकायचा. शेतकऱ्याची प्रत्येक पेरणी ही विश्वासाची कृती आहे, हे शहरात राहणाऱ्या आपणांस विसरायला होते.

याचा अर्थ असा नव्हे की तयार धान्य वाटणे कमी दर्जाचे आहे. योसेफाची कोठारे देवाच्याच योजनेतली होती. त्यांनी याकोबाचे घराणे जगवले. आपल्या देशात 2013 सालच्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला, ही लहान गोष्ट नाही. परंतु कोठारातले धान्य माणसाला मरू देत नाही; त्याला उभे करते ते त्याच्या शेतातले पीक. जागतिक बँकेने 2008 सालच्या आपल्या विकास अहवालात म्हटले की शेतीतून झालेली वाढ गरिबी हटवण्यात इतर क्षेत्रांतल्या वाढीपेक्षा निदान दुपटीने परिणामकारक ठरते. कारण उघड आहे. गरीब माणसे बहुतांशी खेड्यात राहतात, आणि दोन हेक्टरांहून लहान असलेली शेतेच जगाचे सुमारे एक तृतीयांश अन्न पिकवतात. त्या लहान शेताला पाणी, बी आणि रास्त भाव मिळाला की पैसा थेट गरिबाच्या चुलीपाशी पोहोचतो.

आपल्या मराठी मंडळीतच याची साक्ष आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला गेले ते रोग्यांना बरे करण्यासाठी. गावकऱ्यांनी त्यांना शिकवले की औषधाच्या आधी पाणी पाहिजे आणि पाण्याबरोबर अन्न. मग दवाखान्याच्या जोडीला शेतकऱ्यांची मंडळे निघाली, पाण्याची सोय झाली, झाडे लागली, आणि गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांनी आरोग्याचे काम हाती घेतले. 1979 साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पोटात अन्न नसेल तर औषधाची बाटली किती पुरी पडणार?

2. विहिरी कोणी बुजवल्या?

इसहाकाची भरभराट पलिष्ट्यांना पाहवली नाही. त्याच्या बापाच्या चाकरांनी खणलेल्या विहिरी त्यांनी माती टाकून बुजवल्या. या ठिकाणी वाचकाने थांबावे. त्या विहिरी आटल्या नव्हत्या. पाणी खाली तसेच होते. देवाने पाणी काढून घेतले नव्हते. माणसाच्या हाताने त्यावर माती टाकली होती. तीही कोरड्या मुलुखात, जेथे ते पाणी स्वतः पलिष्ट्यांच्याही गुरांना उपयोगी पडले असते!

जगातल्या भुकेचे पुष्कळसे असेच आहे. हे आपल्या जवळच्या मातीत पाहावे म्हणून आम्ही वाचकांना कोकणच्या दक्षिण टोकाला नेतो. बांद्याहून पुढे गेले की गोव्याचा पेडणे तालुका लागतो, आणि दोडामार्गाहून खाली उतरले की डिचोली. हे दोन्ही मुलूख पूर्वी सावंतवाडीकडे होते. डिचोली 1781 साली व पेडणे 1788 साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. तेथे मराठी वाचली जाते, भजन-कीर्तनात गायिली जाते. आपल्या पंथाची माणसे तेथे मोजकीच असतील, पण प्रश्न सर्वांचा आहे.

गोवा गरीब नाही. अनेक अंगांनी दारिद्र्य मोजणाऱ्या नीती आयोगाच्या पाहणीत तेथील गरिबांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी निघाले. तरीसुद्धा 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्याच गोव्यात पाच वर्षांखालील चारांपैकी सुमारे एक मूल वयाच्या मानाने खुजे आढळले. पैसा आला म्हणजे ताटात सकस अन्न आलेच असे नाही. भाताच्या या देशात तांदूळ बाहेरून येतो, भाजी बेळगावहून येते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, नाके बंद झाले, दुकाने बंद राहिली, आणि काही दिवस खिशात पैसे असलेल्या घरांतही भाजी मिळेना. भूक किती जवळ उभी असते हे त्या दिवसांत सर्वांना समजले.

डिचोलीची विहीर कशाने बुजली? लोखंडाच्या खनिजाने. एक टन खनिज काढायचे तर साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढून टाकावे लागतात. ते ढीग डोंगरउतारावर रचले गेले. गोव्याचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. त्या पावसाने तांबडा गाळ खालच्या शेतांत, ओहोळांत व तळ्यांत उतरवला. ऊन पडले की त्या गाळाची खापरासारखी टणक साय होते; त्यात भाताचे रोप धरत नाही. शिरगावासारख्या गावी खाणीचे खड्डे इतके खोल गेले की विहिरींचे पाणी तिकडे ओढले जाऊन गावच्या विहिरी आटल्या. शेतकऱ्यांना वर्षाची नुकसानभरपाई मिळे. पीक नको, भरपाई पुरे, असे होता होता नांगर अडगळीत पडला. कोणी कर्ज काढून खनिज वाहणारा ट्रक घेतला. मग 2012 साली खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभा, हप्ता डोक्यावर, आणि शेत गाळाखाली. 2024 साली डिचोलीत लिलाव झालेल्या पट्ट्यात खाणकाम परत सुरू झाले आहे. खाणीत राबणाऱ्या माणसाला आम्ही दोष देत नाही. त्यालाही लेकरे आहेत. पण ज्या भाकरीसाठी भाकर देणारी जमीनच पुरावी लागते, ती भाकर किती पिढ्यांना पुरेल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पेडण्याची गोष्ट निराळी आहे. शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या मुखाशी भरतीचे खारे पाणी आत येते. पूर्वजांनी तेथे मातीचे लांब बांध घालून खाजन शेते तयार केली. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतले पाणी बाहेर जाते. पावसाळ्यात मिठाचा अंश धुऊन गेला की भात होते, एरवी मासळी. किती साधी आणि किती शहाणी रचना! पण तिचा एक नियम आहे. बांध एका ठिकाणी फुटला तर खारे पाणी एकट्याच्या शेतात जात नाही, सगळ्यांच्या जाते. कोणालाही आपापले शेत एकट्याने वाचवता येत नाही. गावकीची जुनी शिस्त ढिली झाली, घरची मुले नोकरीला गेली, मासळीच्या लोभाने दारे अवेळी उघडी राहू लागली, आणि बांधांना खिंडारे पडली. एका शरीराच्या अनेक अवयवांविषयी पौलाने करिंथकरांस लिहिले (1 करिंथ 12). खाजनाचा बांध पाहिला म्हणजे तो अध्याय डोळ्यांनी वाचता येतो.

तिसरी एक माती आहे, ती पैशाची. मोपाच्या पठारावर जेथे गुरे चरत व काजू पिकत, तेथे जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली आहेत. विमानतळाने काहींना रोजगार दिला, हे खरे. त्याबरोबर आसपासच्या जमिनीचे भावही चढले, आणि पडीक शेत विकावे असा मोह दारोदार फिरू लागला. भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर गोवा सरकारला 2023 साली कायद्याने निर्बंध घालावा लागला, यावरून त्या मोहाचे बळ कळते.

3. तीच नावे

इसहाकाने काय केले? त्याने बापाच्या विहिरी पुन्हा खणल्या आणि बापाने ठेवलेली तीच नावे त्यांना ठेवली. त्याला नवी नावे ठेवून आपला मोठेपणा मिरवता आला असता. पण आधीच्या पिढीने घाम गाळून जे शोधले ते तुच्छ नाही, हे त्याने मानले. त्याचे चाकर तेवढ्यावरच थांबले नाहीत. त्यांनी खोऱ्यात नव्या ठिकाणी खणले आणि त्यांना जिवंत पाण्याचा झरा लागला. जुने जपणे आणि नवे शोधणे या दोन्ही गोष्टी एकाच कुदळीने झाल्या.

शेतीच्या विकासाला हाच नियम लागू आहे. खाजनातल्या खाऱ्या जमिनीत टिकणारे कोरगूट भात शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखले. जुन्या गोव्यातील एला येथील कृषी संशोधन केंद्राने त्याच खाऱ्या जमिनीसाठी ‘गोवा धान’ नावाचे नवे वाण तयार केले. कोरगूट राखणारी म्हातारी आणि प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ हे दोघेही इसहाकाचेच चाकर म्हणावे लागतील. पेडण्यातल्या हरमलची मिरची आजही आपल्या गावाचे नाव घेऊन बाजारात जाते. त्या नावामुळे तिला मान आहे आणि पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त. आमच्या कॅथलिक बंधूंच्या डॉन बॉस्को संस्थेने 2015 साली केपे तालुक्यात सुळकर्णे येथे कृषी महाविद्यालय काढले. त्यापूर्वी गोव्यातल्या मुलाला शेतीची पदवी घ्यायला बाहेर जावे लागे. आपण मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. आपल्या मुलाने शेतकी शिकावी असे आपल्यापैकी किती आईबापांना वाटते?

4. एसेक, सितना, रहोबोथ

झरा लागताच गरारचे गुराखी धावत आले आणि पाणी आमचे म्हणू लागले. इसहाकाने त्या विहिरीचे नाव एसेक, म्हणजे भांडण, ठेवले. दुसरी खणली, तिच्यावरूनही तंटा. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. मग तो पुढे गेला, तिसरी खणली, आणि तिच्याबद्दल कोणी भांडले नाही. तिचे नाव रहोबोथ. आता परमेश्वराने आम्हाला ऐसपैस जागा दिली, अशा अर्थाने ते नाव आहे.

पाणी सापडले की भांडण सापडतेच. म्हादई नदीच्या पाण्यासाठी गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या तंट्यावर 2010 साली लवाद नेमावा लागला. 2018 साली निवाडा झाला, तरी वाद मिटला नाही. याउलट तिळारीचे पाहा. धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात. कालव्याचे पाणी पेडणे, डिचोली आणि बार्देशच्या शेतांना. 1990 साली दोन सरकारांनी करार करून खर्च व पाणी वाटून घेतले. हे रहोबोथच नव्हे काय? होय, पण त्या रहोबोथासाठी दोडामार्गातली गावे पाण्याखाली गेली, आणि तेथल्या धरणग्रस्तांना आपल्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. पेडण्याच्या शेतकऱ्याने कालव्याचे पाणी शेतात घेताना त्या घरांची आठवण ठेवावी. आणि इतक्या मोलाचे पाणी पडीक शेताच्या कडेने वाहत जाते, तेव्हा तो केवळ आळस राहत नाही.

जमिनीचेही तसेच. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे जन्माने पेडण्याचे. त्यांच्या कारकिर्दीत 1964 साली कूळ कायदा झाला, आणि शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना 1976 साली त्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळाला मालकीची वाट मोकळी झाली. कायदा झाला, तरी कित्येक कुळांचे दावे कचेरीत पडून राहिले. बाप गेला, मुलगा खेटे घालतो आहे.

येथे कोणी विचारील : इसहाक तर दोनदा विहीर सोडून निघून गेला, मग गरिबाने आपला हक्क सोडून द्यावा काय? शास्त्रातच याचे उत्तर आहे. नाबोथाने आपल्या वाडवडिलांचा द्राक्षमळा अहाब राजालाही विकायचे नाकारले (1 राजे 21), आणि देव नाबोथाच्या बाजूने बोलला. इसहाकाने सोडला तो स्वतःचा हक्क. शेजाऱ्याचा हक्क सोडून देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही. स्वतःसाठी इसहाक व्हावे; दुबळ्या शेजाऱ्यासाठी नाबोथाच्या मळ्याच्या कुंपणापाशी उभे राहावे.

आणि आता स्वतःच्या अंगणात पाहू या. आपल्या कित्येक मंडळ्यांकडे मिशनच्या काळापासूनच्या जमिनी व विहिरी आहेत. दुष्काळात अनाथ लेकरांना जगवावे, शाळेच्या वसतिगृहाला धान्य मिळावे म्हणून त्या घेतल्या गेल्या. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणल्या, त्यांना नुसते छप्पर दिले नाही. शेत, बाग आणि विहिरी केल्या, मुलींच्या हातांना काम दिले. आज त्या वारशाचे आपण काय केले आहे? काही जमिनी पडीक आहेत, काही विकल्या गेल्या, आणि काहींवरून विश्वासी विश्वासीयांविरुद्ध कोर्टात उभे आहेत. एसेक आणि सितना ही नावे गरारच्या खोऱ्यात शोधायला नकोत! पलिष्टी बाहेरून आले नाहीत. माती आपणच टाकली.

म्हणून प्रत्येक मंडळीने एवढे करावे. पंचकमिटीने आपल्या ताब्यातली जमीन व विहीर एकदा जाऊन पाहावी, आणि जी कसण्याजोगी आहे ती मंडळीतल्या वा गावातल्या भूमिहीन कुटुंबाला रास्त करारावर कसायला द्यावी. सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी आपण उपासनामंदिरात भोपळे, कणसे, तांदूळ मांडतो आणि त्यांचा लिलाव करतो. त्यांतले किती आपल्या हाताचे आणि किती आदल्या संध्याकाळी बाजारातून आणलेले, हे आपले आपणच जाणतो. निदान त्या दिवशीचे धान्य जवळच्या शेतकऱ्याकडून, घासाघीस न करता घ्यावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा अध्याय शिकवताना मुलांना एकदा शेतावर न्यावे, लावणीच्या दिवसांत चिखलात उतरवावे, आणि मग विचारावे की इसहाकाने दुष्काळात बी मातीत का टाकले. चिखल लागलेल्या पायांनी मुले जे उत्तर देतील ते फळ्यावर लिहून येणार नाही.

या अध्यायाच्या शेवटी अबीमलेख इसहाकाकडे येतो. ज्याने त्याला घालवून दिले तोच समेट मागतो. इसहाक त्याला जेवू घालतो; सकाळी दोघे शपथ वाहतात आणि तो शांतीने निघून जातो. त्याच दिवशी चाकर येऊन सांगतात की आम्हाला पाणी लागले. समेट आणि पाणी एकाच दिवशी! पाच हजारांपुढे उभ्या असलेल्या आपल्या प्रभूनेही शिष्यांना लोकांना माघारी लावू दिले नाही, तर त्यांना जेवू घालण्याचे काम शिष्यांच्याच हाती दिले. शिष्यांच्या हाती पाच भाकरी होत्या. आपल्या हाती एखादी बुजलेली विहीर असेल. पाणी खाली आहे. कुदळ उचलू या.

हे स्वर्गीय पित्या, ही भूमी तुझी आहे आणि आम्ही तिच्यावरचे उपरी आहोत. आमच्या हातांनी जे बुजवले ते आमच्याच हातांनी मोकळे करण्याची बुद्धी व बळ आम्हांस दे. पेडणे-डिचोलीच्या शेतकऱ्याला, खाणीच्या मजुराला, धरणासाठी घर सोडलेल्याला आणि जगातल्या प्रत्येक उपाशी लेकराला तुझ्या दयेत आठव. आमच्या मंडळ्यांत समेट दे, आणि त्याच दिवशी पाणीही दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.